आईला सांगितलेले अर्थ

मार्च लागला की आमच्या अर्नाळ्यात दोन वास एकमेकांत मिसळतात. एक वाळणाऱ्या बोंबलांचा. दुसरा कॉलेजच्या लायब्ररीतून आणलेल्या जुन्या पुस्तकांचा, पण तो बहुधा मला एकटीलाच येत असावा. पहिला वास दुसऱ्यात इतका मुरतो की पुस्तक परत करताना ग्रंथपाल ते हातात घेतात, जरा थांबतात आणि खिडकीजवळच्या कपाटावर वेगळं ठेवतात. पहिल्या वर्षी फार लाज वाटायची. आता एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आता तेवढी वाटत नाही. पण अजिबात वाटत नाही असं लिहिलं तर ते खरं होणार नाही.

अभ्यासाची जागा अजून तीच आहे. घरामागे वाळूत बांबू रोवून त्यांना आडवे दोर बांधलेले आहेत, त्याला आम्ही वलांडी म्हणतो. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरावर टाकायची. ओल्या बोंबलाला धरायला काहीच नसतं, तो हातातून पाण्यासारखा निसटतो; पण एकदा जोडी अडकली की वाऱ्याने सुद्धा सुटत नाही. आईचे हात हे काम न बघता करतात. वलांडीच्या एका टोकाला गोणपाट बांधून तिने माझ्यासाठी सावली केली, ती मी अकरावीला गेले त्या वर्षी. गोणपाट दर वर्षी नवा येतो, सावली तीच असते. तिथे बसलं की दोरांच्या मधून समुद्राच्या पट्ट्या दिसतात. वारा आला की सगळे बोंबील एकदम हलतात, सर वर्गात आल्यावर मुलं उठतात तसे.

यंदाही मी तिथेच बसते. पण मोठ्याने वाचत नाही. का वाचत नाही, ते लिहायचं आहे. कितपत जमेल माहीत नाही.

तेव्हा मी एस.वाय.ला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि त्यात इंग्रजी घेतलं म्हणून गावात थोडं कौतुक, थोडी थट्टा. कॉलेजात 'पाणी' म्हणायचं आणि घरी 'पानी', हे मला एव्हाना जमायला लागलं होतं. कधी कधी एस.टी.त बसल्यावर मध्येच कुठेतरी जीभ बदलायची, आणि ती नेमकी कुठे बदलते ते मी शोधत बसायचे. आमचे इंग्रजीचे सर जुन्या शब्दांचे वेडे होते. समुद्रप्रवासाच्या कविता शिकवताना त्यांनी फळ्यावर एक यादी लिहिली. अबोर्ड, अशोर, अफ्लोट, अस्टर्न, अलॉफ्ट, अथ्वॉर्ट, अड्रिफ्ट, अग्राउंड, अवॉश, असंडर. सगळ्यांच्या पुढे एकच 'ए', आणि तो झाकला की मागे दुसरा एक शब्द उरायचा. सर खडूने तो 'ए' झाकायचे, पुन्हा उघडायचे, आणि लहान मुलासारखे हसायचे. "यातले अर्धे शब्द आता कोणी बोलत नाही," ते म्हणाले, "जुन्या खलाशांबरोबर गेले. पण परीक्षेत येतील."

वर्ग हसला. मी हसले नाही. मला वाटलं, खलाशी कुठे गेलेत? ते तर आमच्या घरी आहेत.

आपल्याकडे शब्दाच्या आधी 'अ' लागला की चांगल्याचं वाईट होतं. शुभाचं अशुभ, मंगलाचं अमंगल. मी सरांना भीत भीत विचारलं, हा 'ए' तसाच का? ते म्हणाले, नाही, हा बिचारा फक्त 'वर' किंवा 'मध्ये' एवढंच सांगतो. बोटीवर, किनाऱ्यावर, प्रवाहावर. वस्तू कुठे आहे ते सांगतो; ते बरं की वाईट, ते सांगत नाही. हे उत्तर मी वहीत लिहून घेतलं होतं. ती वही अजून आहे.

आता घरातली एक गोष्ट सांगायला हवी. बोट समुद्रात असताना आमच्याकडे काही शब्द बोलत नाहीत. बांगडी फुटली न म्हणता वाढवली म्हणावं, निघताना जातो न म्हणता येतो म्हणावं, हे तर सगळ्याच घरांत असतं. आमच्याकडे त्याच्या पुढे जातात. 'बुडणं' हा शब्द आमच्या घरात नाहीच. सूर्य मावळतो. शाळा चुकवतात. चहात पाव भिजवतात. वेळेला न परतलेली बोट 'लांबली' असते, मग ती किती का लांबेना. लहानपणी मी एकदा खेळताना कागदाची होडी बुडाली म्हणून ओरडले, तेव्हा आईने माझ्या तोंडावर हात दाबून धरला होता. त्या हाताला मिठाची चव होती. रागावली नव्हती ती. घाबरली होती.

अशा घरात मी त्या मार्चमध्ये, बाबा बोट घेऊन गेलेले असताना, ती यादी मोठ्याने पाठ करत बसले. इंग्रजीत होती ना. इंग्रजी म्हणजे कॉलेजातली गोष्ट, तिचा आमच्या समुद्राशी काही संबंध असेल असं तोवर मला मनातून वाटतच नव्हतं.

"काय पाठ करतंस गो हेमे?" आईने विचारलं. ती पाठमोरी, जोड्या अडकवत होती.

"शब्द हायत. बोटीचे."

तिचे हात थांबले. माझ्या इतक्या वर्षांच्या शिक्षणात ते पहिल्यांदा थांबले. "तुज्या बुकात बोट हाय?"

"हाय ना. अबोर्ड म्हंजे बोटीवर. अशोर म्हंजे किनाऱ्यावर. अस्टर्न म्हंजे बोटीची मागची बाजू."

"म्हंजे पुढची नाळ सोडून मागं," ती म्हणाली, आणि पुढे येऊन वाळूत बसलीच. तिला इतका आनंद झालेला मी क्वचित पाहिला असेल. मी रोज कुठे जाते, काय करते, ते तिला तोवर कधी नीट कळलं नव्हतं. आणि आता त्या कॉलेजात आमची बोट निघाली होती. "आनखी सांग."

आणखी म्हणजे अड्रिफ्ट. सुकाणू नाही, यंत्र नाही, प्रवाह नेईल तिकडे वाहत गेलेली. माझ्या वहीत तसंच लिहिलेलं होतं. आईचा चेहरा समोर होता. मी म्हटलं, "बोट पान्यावर हलकी हलकी चाललीय, तशी."

"अडरीप," ती म्हणाली. "मग?"

अग्राउंड म्हणजे वाळूत रुतलेली. मी सांगितलं, बंदराला लागलेली. अवॉश म्हणजे लाटा जिच्यावरून जातायत अशी. मी सांगितलं, धुऊन लख्ख केलेली. असंडर म्हणजे तुकडे तुकडे झालेलं. तिथे मी अडखळले. मग म्हटलं, "सगळी मान्सं एकत्र."

हे सगळं मिनिटभरात झालं. मला ते खोटं वाटलंच नाही. दारात आलेल्या पाहुण्याला मळका पेला नको म्हणून आपण चांगला शोधतो, तसं काहीसं वाटलं.

आईला अक्षरओळख नाही, पण एकदा ऐकलेलं गाणं ती विसरत नाही. पहिले शब्द तिने सोडून दिले. शेवटचे चार तिच्या कानाला बसले. एका जोडीला एक शब्द. अडरीप, अगरावंड, अवाश, असंडर. चार जोड्या झाल्या की पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळपर्यंत ती चाल शेजारच्या वलांडीवर पोचली. तिथे भानूमावशी काम करायची. तिचा नवरा आमच्याच बोटीवर खलाशी, आणि तिचं तोंड साऱ्या गावात प्रसिद्ध.

"काय गो, पोरीसंगती तू पन परीक्षेला बसतंस काय?" ती ओरडली. "पेपराला पाटी घेऊन जाशील डोक्यावर!"

"जाईन. तुला काय?"

"पास झालीस तं पेढे नको, सुके बोंबील वाट."

पण दुसऱ्या दिवशी आईने तिला अर्थ सांगितले, मी सांगितलेले, आणि भानूमावशीही म्हणायला लागली. ती 'असंडर'वर जोर द्यायची. मान्सं एकत्र, तो शब्द तिला फार आवडला होता.

बोट मंगळवारी गेली होती, गुरुवारच्या भरतीला यायची. गुरुवारी बाकीच्या आल्या, आमची आली नाही. परतलेली एक बोट चालवणाऱ्या तांडेलाने सांगितलं की बुधवारी दुपारी दिसली होती, मग वारा फिरला आणि जो तो आपल्या जाळ्याकडे बघायला लागला. तेव्हा आमच्यासारख्या लहान बोटींवर बिनतारी यंत्र वगैरे काही नव्हतं. बोट गेली की गेली. परत दिसली की आली. शुक्रवारी सकाळी गावातल्या चार बोटी शोधायला निघाल्या. मच्छीमार सोसायटीत फोन होता, तिथे दोन माणसं बसून राहिली. आणि बायका आपापल्या वलांडीवर गेल्या. बाहेरच्या माणसाला हे कदाचित विचित्र वाटेल. पण दोरावरचा मासा थांबत नाही, आणि हाताला काम असलं की मन थोडंफार जागेवर राहतं.

त्या शुक्रवारी मी गोणपाटाखाली वही घेऊन बसले होते आणि ऐकत होते. आधी आई. मग भानूमावशी. मग पलीकडच्या आणखी दोघी, ज्यांना चाल ऐकून ऐकून पाठ झाली होती. बोट लांबलेली असताना चांगलं बोलावं, शुभ बोलावं, हेच तर आम्हाला शिकवलेलं. आणि बोटीसाठी त्यांच्याकडे सगळ्यात नवे, सगळ्यात शिकलेले चांगले शब्द तेच होते. वाहत गेली, रुतली, लाटा वरून गेल्या, तुकडे झाले. वाहत गेली, रुतली, लाटा वरून गेल्या, तुकडे झाले. उन्हात, मीठ लागलेल्या हातांनी, एका सुरात.

"आई, ते नको म्हनू," मी जाऊन म्हटलं.

"का गो?"

"नको ना. मला अभ्यास होत नाय."

"मग तू घरात जाऊन बस," ती म्हणाली. रागाने नाही. "चांगलं हाय ते. म्हनू दे मला."

मी घरात जाऊन बसले. भिंतीतून ऐकू येत होतं.

शब्दाने काही होतं का? मी तेव्हाही स्वतःला विचारलं, अजूनही विचारते. तर्कशास्त्राच्या पेपरात मला चांगले मार्क होते. शब्द आणि वस्तू यांचा संबंध माणसांनी ठरवलेला असतो, हे मी स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं. आणि तरीही भिंतीला डोकं टेकून मी मनात खरे-खोटे हिशेब करत होते: त्यांना अर्थ माहीत नाही, म्हणजे त्यांनी बोललेलं लागू होत नसेल. मला माहीत आहे. म्हणजे मग ते कोणाचं बोलणं झालं?

शनिवारी पेपर होता. मी जाणार नाही म्हटलं. आईने माझा डबा भरून दारात ठेवला. "पेपर चुकवू नको. बाबा आल्यावर काय सांगू मी?" आल्यावर, म्हणाली.

पेपरात सरांनी ती यादी खरंच दिली होती. कोणतेही पाच शब्द स्वतःच्या वाक्यात वापरा. मला सगळे येत होते. त्या वर्गात माझ्याइतके कोणालाच येत नसतील. मी अबोर्ड लिहिला, माझे बाबा बोटीवर आहेत, एवढं वाक्य केलं आणि पेन पुढे गेलं नाही. शेजारचा मुलगा भराभर लिहीत होता. त्याची जहाजं वाहत होती, रुतत होती, फुटत होती, आणि त्याला काहीच होत नव्हतं. मी प्रश्न तसाच सोडला. नंतर सरांनी विचारलं, "तू हा प्रश्न का सोडलास? तुला तर सगळं येत होतं." मी म्हटलं, वेळ पुरला नाही. आणखी एक खोटं.

घरी आले तेव्हा ऊन कलत होतं. भानूमावशी पाणी आणायला गेली होती; आई एकटीच होती. मी दप्तर न उतरवता तिच्यापुढे उभी राहिले आणि सांगितलं. चारही शब्द, चारही खरे अर्थ. हातातली जोडी तिने दोरावर टाकली. पुढची घेतली नाही.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"आनि दोन दिस तू ऐकत होतीस."

मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त बघत राहिली, जशी एखाद्या परक्या मुलीकडे, आमच्या अंगणात वाट चुकून आलेल्या. तेवढ्यात भानूमावशी कळशी घेऊन आली, कळशी टेकवली, पदराने तोंड पुसलं आणि नव्या पाटीतला पहिला बोंबील उचलत तिने सुरू केलं. अडरीप. अगरावंड.

मी आईकडे पाहिलं. आता ती थांबवेल. आता ती सांगेल, आणि भानूमावशी साऱ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडेल.

आईने खाली वाकून एक जोडी घेतली. तिचे ओठ हलले. "अवाश," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता. मग भानूमावशीच्या बरोबरीने, तिच्याकडे बघत, हसल्यासारखं करत, "असंडर." काळोख पडेपर्यंत ती म्हणत राहिली. मला त्या दिवसाचं बाकी काही आठवलं नाही तरी चालेल, पण तो आवाज जात नाही.

रविवारी सकाळी सोसायटीत फोन आला. यंत्र बंद पडून बोट वाहत उत्तरेला गेली होती, गुजरातच्या एका बोटीने दोर लावून ओढत नेली. बोटीवरचे चौघेही सुखरूप. भानूमावशी वाळूत बसून रडली आणि मग सगळ्यांना सांगत सुटली की हेमाचे शब्द कामाला आले. ती अजूनही सांगते. नवी सून आली की तिला शिकवते.

बाबा मंगळवारी एस.टी.ने आले. भात खाता खाता त्यांनी सगळं सांगितलं, त्यांच्या पद्धतीने, जसं काही बाजारात जाऊन आले. मशीन गेली. वाहत गेलो. एका जागी वाळूवर घासून अडकलो, भरतीने सुटलो. एक रात्र पानी वरून जात होतं, डब्याने उपसत बसलो. आई वाढत होती. बाबांच्या एकेका वाक्याला तिचा डाव कढईच्या काठावर थांबायचा आणि ती माझ्याकडे बघायची. एक. दोन. तीन. मग तिने जे विचारलं, तसं आमच्या घरात मी कधीही ऐकलं नव्हतं.

"बोट फुटली नाय ना?"

बाबांचा घास हातातच राहिला. "शुभ बोल गो," ते म्हणाले. "नाय फुटली."

तिने त्यांना काही सांगितलं नाही. मलाही पुन्हा काही बोलली नाही. पण त्यानंतर आजपर्यंत तिने मला कधी विचारलेलं नाही, काय पाठ करतंस. मी गोणपाटाखाली पुस्तक उघडलं की ती वलांडीच्या दुसऱ्या टोकाला जाते. कामच तिकडे असतं, असं ती दाखवते. मी बी.ए. झाले तेव्हा तिने पेढे वाटले. प्रमाणपत्र हातात घेऊन तिने ते उलटसुलट पाहिलं, आणि त्यावर काय लिहिलंय ते मला नाही, शेजारच्या आळीतल्या निवृत्त गुरुजींना विचारलं.

गेल्या आठवड्यात बाबांचा एक्स-रे काढला. दिवाळीपासून खोकला जात नाही. रिपोर्ट आणायला मी विरारला निघाले होते, पण आई म्हणाली, मीच आनते. दुपारी ती परत आली ती घरात न येता, पाकीट पदराखाली धरून, सरळ गुरुजींच्या आळीकडे वळली. मी गोणपाटाखालून उठले आणि वाळूतून धावत तिला गाठलं.

"आई, दे ना. मी वाचते."

"नको."

"इंग्रजी हाय ते. मी इंग्रजीच शिकते ना गो."

"म्हनून तर नको," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच मला सहन झालं नाही. "तू मला चांगलंच वाचून दाखवशील."

तू पण भानूमावशीसाठी तेच केलंस, हे ओठावर आलं होतं. ते बोलले नाही. मला वाटतं, तिला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. माणूस मायेने किती सहज खोटं बोलतं, हे तिने स्वतःच्या तोंडून ऐकलेलं आहे.

"लिहिलंय तेच वाचीन," मी म्हटलं.

ती तिथेच, रस्त्याच्या कडेला उलट्या घातलेल्या एका होडीच्या सावलीत खाली बसली. पाकिटातून कागद काढून मांडीवर सपाट केला. मिठाने चिरा पडलेलं बोट तिने पहिल्या ओळीवर ठेवलं.

"हितून. एक पन सोडू नको."

मी तिच्या शेजारी बसून वाचलं. बाबांचं नाव. वय. हृदयाचा आकार ठीक आहे. तिने मान हलवली नाही, नुसतं बोट एक ओळ खाली आणलं. पुढची ओळ मी आधी मनात वाचली, आणि मी मनात वाचते आहे हे तिला कळलं.

"हेमे."

"डाव्या फुप्फुसात, वरच्या बाजूला, डाग हाय," मी म्हटलं. "कसला ते यात लिहिलेलं नाय. अजून तपासनी करावी लागेल, लवकर, असं लिहिलंय."

तिचं बोट त्या ओळीवर तसंच राहिलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, शब्दाकडे नाही. मी नजर खाली केली नाही. मग बोट हळूच पुढच्या ओळीवर सरकलं.

"वाच," ती म्हणाली.